वाढवलेला कारखाना

आमच्या वर्गात हजेरीला कुणी 'हजर' म्हटलं की सर त्याची गैरहजेरी लावायचे. "तू हजर आहेस हे मला दिसतं आहे. आज कशाची भीती वाटते आहे ते सांग," असं म्हणून पेन उघडं धरून बसायचे. यात थट्टा नव्हती. उत्तर आलं की नावापुढे खूण व्हायची. नाही आलं तर तुम्ही त्या संध्याकाळी वर्गात नव्हतात, मग भले पहिल्या बाकावर त्यांच्या नाकासमोर बसलेले असा.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो. नोकरी करून येणारी, वयानं वाढलेली मंडळी आम्ही. कुणी बँकेतला, कुणी पालिकेतला. 'साहेबाची', 'सासऱ्यांची', 'परीक्षेची' अशी उत्तरं आली. डोंबिवलीचा मंगेश माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "सर, आपल्याला कशाचीच भीती नाय वाटत."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "कशाचीच भीती वाटत नाही असं म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाही तर दुसऱ्याच्या जिवावर बोलतो. तू यातला कुठला?"

मंगेशला घाम फुटला. "सर, पालीची वाटते," तो कसाबसा म्हणाला.

"बस खाली," सर म्हणाले आणि पालीची नोंद झाली.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. ठाण्याला एका कॉलेजात संध्याकाळची मास्टर्स डिग्री सुरू झाली होती आणि तिचा विषय होता उद्योजकता. तेव्हा हा शब्द नीट उच्चारता येणारी माणसंही थोडी होती. मी ठाण्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो, कल्याणला आईबाबांबरोबर राहत होतो आणि कधीतरी आपला स्वतःचा छोटासा का होईना कारखाना असावा असं मनात धरून होतो. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. मी प्रवेश घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "धंदा शिकायला कॉलेज? वाण्याचा मुलगा कुठल्या कॉलेजात जातो रे?" गिरणी गेल्यावर घरी बसलेला आपला भाऊ त्यांनी पाहिला होता. नोकरी या शब्दापुढे ते आवाज खाली आणत, देवळात शिरल्यावर आणतात तसा.

सर उंच, किडकिडीत, पन्नाशीचे. कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पायात टाचेकडून झिजलेल्या चपला. दाराशी त्यांचं काहीतरी वाकडं होतं. वर्गाचं दार उघडण्याआधी ते हाताची मागची बाजू दाराला लावून बघत, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तशी. मग उघडत. वर्गाची दोन्ही दारं सताड उघडल्याशिवाय शिकवणं सुरू होत नसे आणि ते स्वतः बसत ते दाराला लागून असलेल्या खुर्चीतच. सरस्वतीपूजनाला त्यांनी समई लावू दिली नाही, विजेच्या दिव्यांची माळ आणवली. शिपाई कुरकुरला, "सर, देवीला चालतं का हे?" सर म्हणाले, "तिनं काही तक्रार केली आहे का?"

मंगेश त्यांची ती दाराला हात लावायची नक्कल हुबेहूब करायचा. आम्ही पोट धरून हसायचो. पण एकटा असलो की मला ते दृश्य आठवून बरं वाटायचं नाही. मला सरांची भीती वाटायची आणि ती नेहमीची मास्तरांची भीती नव्हे. आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी या माणसाला माहीत आहे आणि ते कधीही दार उघडून आत येऊ शकतं, अशी ती भीती होती.

भीतीच्या बाबतीत ते कुणाला कमी लेखत नसत, हेही सांगितलं पाहिजे. वर्गात एक बाई होत्या, डोंबिवलीहून यायच्या. एकदा हजेरीला त्या म्हणाल्या, "सर, घराला कुलूप लावलं की नाही तेच आठवत नाहीये." आम्ही हसलो. सर म्हणाले, "मग इथे काय करता आहात? जा, बघून या." त्या खरोखर उठून डोंबिवलीला गेल्या. दुसऱ्या दिवशी सांगितलं की कुलूप व्यवस्थित होतं. "उत्तम," सर म्हणाले, "आता आज कशाची?"

बाजारपेठ, भांडवल, खरेदी-विक्री हे सगळं ते भराभरा, जरा कंटाळूनच शिकवत. ते पुस्तकात आहे, म्हणायचे. त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता. एकेकाला उभं करायचे आणि त्याला करायचा असलेला धंदा सांगायला लावायचे. मग विचारायचे, "यात सगळ्यात वाईट काय होईल?" तो काहीतरी सांगायचा. सर म्हणायचे, "मग?" तो पुढचं सांगायचा. "मग?" असं ते थांबतच नसत. "घाबरायचं तर मोठ्यानं घाबरा. पुटपुटत घाबरणाऱ्या मालकाच्या कारखान्यात मी पाऊल ठेवणार नाही." एक गृहस्थ, पालिकेतले, चांगले केस पिकलेले, छापखाना काढणार होते. मग, मग करत ते शेवटी म्हणाले, "मग आई म्हणेल, मी तुला सांगितलं होतं." आणि खाली बसून त्यांनी रुमाल काढला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी कारखाना, माल, गिऱ्हाईक असं सगळं बुडवून झाल्यावर म्हणालो, "मग बाबा काहीच बोलणार नाहीत."

"हं," सर म्हणाले. त्यांनी पुढचं 'मग' विचारलं नाही.

स्वतःबद्दल त्यांनी आम्हाला एकच वाक्य सांगितलं होतं, तेही सुरुवातीच्या एखाद्या तासाला, फळा पुसता पुसता. "मानपाड्याला मी रसायनांचा कारखाना काढला. पुढे तो वाढवला आणि इकडे शिकवायला आलो." बस. त्या एका वाक्यावर आम्ही केवढी इमारत चढवली! कारखाना वाढवलेला माणूस आम्हाला फुकटासारखा शिकवतो म्हणजे केवढा मोठा माणूस. त्यांच्या झिजलेल्या चपलांकडे आम्ही आदरानं बघायला लागलो. खरा श्रीमंत असाच असतो, असं मंगेश म्हणायचा. ते बाळकुमला खाडीच्या अंगाला भाड्याच्या खोलीत राहतात हे कळलं तेव्हा तर आमचा आदर आणखीनच वाढला.

मंगेशनं पुढे कमाल केली. परीक्षेत प्रश्न आला, उद्योगाच्या विस्ताराचे उदाहरण देऊन विवेचन करा. यानं सरांचाच कारखाना लिहिला. त्याला दुसरी शेड बांधली, तिसरी बांधली, माल परदेशी पाठवला. पेपर परत मिळाला तेव्हा त्या उत्तराला गुण नव्हते, शेराही नव्हता. फक्त 'वाढवला' या शब्दाखाली लाल रेघ होती. "च्यायला, वेलांटी चुकली काय रे?" मंगेश मला विचारत होता. आम्ही दोघांनी तो शब्द उलटसुलट तपासला. त्यात काही चूक नव्हती.

आमच्या डिग्रीत एक मेख होती. शेवटच्या सत्रात प्रबंध लिहायचा नव्हता. खरोखरचा उद्योग सुरू करायचा, माल काढून दाखवायचा आणि तोंडी परीक्षा त्याच जागेवर. मंगेशनं आईचे मसाले विकायला घेतले. बाकीच्यांनीही जमेल ते केलं. मला मात्र रसायनच करायचं होतं. कापडाच्या रंगाला लागणारं एक रसायन मला प्रयोगशाळेत सुरेख जमत होतं आणि आंबिवलीच्या बाजूचा एक रंगारी कारखानदार नमुना बघून घ्यायला तयार होता. पण माझ्या कंपनीचा नियम कडक होता. नोकरीत असताना बाहेर धंदा करायचा नाही. म्हणजे परीक्षेला बसायचं तर आधी राजीनामा.

कित्येक आठवडे माझं जेवणाकडे लक्ष नव्हतं. हजेरीला मी रोज एकच सांगायचो, "नोकरी जाण्याची." एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "नोकरी न जाण्याची." सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खूण केली. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. सर पाठीशी आहेत, त्यांनी एवढा कारखाना वाढवला आहे, अडलं तर ते सांगतील, हा माझा सगळा हिशेब होता. बाबांनाही मी हेच सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "राजीनामा परत घेता येतो का रे?" मी नाही म्हटल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. अगदी जसं मी वर्गात सांगितलं होतं तसंच.

नंतरच्या सोमवारी मी मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत भाड्यानं शेड शोधायला गेलो. म्हटलं, आलोच आहोत तर सरांचा कारखानाही डोळे भरून बघून घेऊ. विचारत विचारत गेलो. गल्लीच्या टोकाला एक शेड होती, गंजलेल्या दाराची, कुलूप लावलेली. शेजारी रबराचे वायसर बनवणारे एक गृहस्थ बाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना मी सरांचं नाव सांगितलं.

"त्यांचं काय बघायला आलेलात? त्यांनी तर कधीच वाढवलं."

"वाढवलं ते माहितेय हो. पण कुठे वाढवलं?"

"कुठे म्हणजे? इथेच वाढवलं." त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "कुलूप दिसत नाय काय तुम्हाला?"

मी कुलपाकडे बघितलं. आमच्या कल्याणच्या बाजारात फळी लावणाऱ्या दुकानदाराला 'बंद केलं का' असं कुणी विचारत नाही, 'वाढवलं का' म्हणतात. घरात बांगडी फुटत नाही, वाढते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण कॉलेजात, फळ्यासमोर, विस्तार आणि विकास यांच्या गर्दीत तो शब्द ऐकला आणि मला त्याचा दुसरा अर्थ सुचलाच नाही. मला काय, पदवीधरांनी भरलेल्या अख्ख्या वर्गाला सुचला नाही. ज्या माणसाच्या भरवशावर मी नोकरी सोडली होती त्याचा कारखाना कुलपात होता. मी पुढे होऊन ते कुलूप ओढून बघितलं. वायसरवाल्यांनी उठून मला खुर्ची दिली.

तिथून मी थेट बाळकुमला गेलो. सरांची खोली एका कोळ्याच्या घरात होती. दारात मालकीणबाई सुकट निवडत बसल्या होत्या. "मास्तर घरान नाय," त्या म्हणाल्या. "खारीवर गेलेत, खाडीकडं. येतील, बस तवर." मी बसलो. त्या आपल्याआपणच बोलत होत्या. "लय चांगला मानूस. पन आमच्या चुलीला बी हात लावून बघतान, थंड झाली का नाय. मी बोलते, मास्तर, मना काय घर जाळाचं हाय?"

सर आले. मला बघून त्यांनी चपला काढायच्या थांबवल्या.

"सर, तुम्ही कारखाना वाढवला म्हणाला होतात."

"वाढवलाच."

"बंद केलात तुम्ही."

"तो शब्द आमच्या घरात कारखान्याला लावायची पद्धत नाही," ते म्हणाले. मग भिंतीला टेकून बसले. मालकीणबाई सुकटीचं सूप घेऊन आत निघून गेल्या. "मी खोटं बोललो नाही. पहिल्या वेळी तर सहजच बोललो. तुम्हा सगळ्यांचे चेहरे असे उजळले, की मग दुरुस्त करायची भीती वाटली. मंगेशच्या पेपरात रेघ मारली तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी विचारेल."

"पण बंद का... वाढवला का?"

त्यांनी सांगितलं. एके दिवशी दुपारी व्हेसलमध्ये, म्हणजे झाकणाच्या त्या मोठ्या पोलादी भांड्यात, माल होत होता आणि वसाहतीची वीज गेली. ढवळणारं यंत्र थांबलं, पाण्याचा पंप थांबला आणि आतलं तापमान आपल्याआपण चढायला लागलं. सरांनी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. सगळे रस्त्यावर उभे राहिले. भांडं फुटणार म्हणून कानांवर हात ठेवून उभे राहिले.

"मग?" मी विचारलं. विचारल्यावर कळलं की मी त्यांचाच प्रश्न विचारला आहे.

"मग काही नाही. उतरलं तापमान. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार वेळेवर आले. मी कुलूप काढलं. दाराला हात लावून बघितला, दार गार होतं. पण मला ते ढकलता येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आज सुट्टी. दुसऱ्या दिवशीही तेच." त्यांनी आता चपला काढून भिंतीशी ठेवल्या. "फुटलं असतं तर मी कारखाना पुन्हा उभा केला असता रे. माणसं करतात तसं. पण काहीच झालं नाही, त्याचं काय करायचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी इतकी भीती वाटली की मी त्यांच्यापासून थोडा सरकून बसलो. हे संसर्गाचं असलं तर, असं काहीतरी मनात आलं. ते त्यांना कळलं असावं. ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले.

"शेड माझीच आहे. भांडं चांगलं आहे. परीक्षा होईपर्यंत वापर. पण मी आत येणार नाही, हे आधीच सांगतो."

मला दुसरा रस्ता नव्हता. नोकरी गेली होती, परीक्षा जवळ आली होती आणि रसायनासाठी शेड इतक्या थोड्या दिवसांकरता मला कुणीही दिली नसती. मी किल्ली घेतली.

सरांकडे पूर्वी काम केलेले पाटील नावाचे गृहस्थ मानपाड्याचेच, तिथल्या आगरी वस्तीतले. ते मदतीला आले आणि त्यांनी आपल्या पुतण्यालाही आणलं. आम्ही शेड झाडली, नळ्या बदलल्या, भांडं पाण्यावर चालवून बघितलं, परवानग्या नव्यानं घेतल्या. सर रोज यायचे आणि रस्त्यापलीकडे बाभळीखाली स्टूल टाकून बसायचे. तिथून ओरडून शिकवायचे. "पाणी चालू आहे का?" पाटील आतून ओरडायचे, "हाय, हाय, पानी हाय!" "टाकी भरली का?" "भरली!" अख्खी गल्ली आमचा अभ्यासक्रम ऐकत होती. टाकी छपरावर उंच चढवायला सरांनीच लावली होती, पंप बंद पडला तरी पाणी खाली उतरत राहील अशी. ती सोय त्यांच्या काळात नव्हती. तिच्याबद्दल ते रोज विचारायचे, आजाऱ्याची चौकशी करावी तसे.

परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पहिला माल धरला. सकाळभर सगळं सुरळीत चाललं होतं. दुसरं रसायन थेंब थेंब सोडायचं, ढवळत राहायचं आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची, एवढंच काम. प्रयोगशाळेत हे मी हातभर काचेच्या भांड्यात कितीदा केलं होतं. पण माणसाच्या उंचीच्या, मालानं भरलेल्या पोलादी भांड्यासमोर मी पहिल्यांदाच उभा होतो. दुपारी पंखा थांबला. दिवा गेला. मग ढवळणाऱ्या यंत्राचा घरघराट थांबला आणि मला शेडमध्ये स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

मी थेंब बंद केले. टाकीचा नळ पूर्ण सोडला. काटा चढतच होता. पाटील शांतपणे म्हणाले, "साहेब, निघायचं." त्यांनी पुतण्याला ढकलत बाहेर काढलं आणि ते स्वतःही गेले. मीही निघणार होतो, शपथेवर सांगतो. मेंदू निघ म्हणत होता, पण पाय जमिनीतून सुटेनात. डोळे त्या काट्यावरून हलेनात. आपण मरणार आहोत आणि बाबा काहीच बोलणार नाहीत, एवढा एकच विचार डोक्यात गोल गोल फिरत होता. बाहेरून पाटलांच्या हाका ऐकू येत होत्या. त्या फार लांबून येत होत्या.

कुणीतरी माझा शर्ट मागून मुठीत धरला. इतक्या जोरात ओढलं की माझं बटण तुटून उडालं. मी पाठमोराच दारातून बाहेर ओढला गेलो, रस्ता ओलांडून, बाभळीपर्यंत. तिथे मला सोडलं तेव्हा दिसलं, ते सर होते. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. ती शेडमध्ये राहिली होती.

आम्ही चौघं रस्त्यावर उभे राहिलो. वायसरवाले आपली माणसं घेऊन गल्लीच्या टोकाला पळाले होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सरांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. टाकीतलं पाणी नळीतून खळखळत उतरत होतं, तेवढाच आवाज. शेवटी पाटील लांबून वळसा घालून खिडकीशी गेले, डोकावले आणि परत येऊन म्हणाले, "उतरतंय."

मी रस्त्यावरच बसलो आणि रडलो. मोठ्यानं. गल्लीतली माणसं बघत होती, त्याचं मला काही वाटलं नाही. सर शेजारी उभे होते. माझं रडणं संपेपर्यंत ते तिथेच थांबले. मग म्हणाले, "पळायलाच हवं होतं. मीही पळालो त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी." आणि एका चपलेवर चालत स्टँडच्या दिशेनं निघून गेले.

त्या रात्री मी बाबांना काही सांगितलं नाही. अर्धवट झालेला माल भांड्यात पडून होता. तो पुरा केला नाही तर परीक्षकांना दाखवायला काही नव्हतं. डिग्री गेली, आंबिवलीचा माणूस गेला, नोकरी तर आधीच गेली होती. हे सगळं मला समजत होतं आणि तरीही सकाळी उठल्यावर मी ठरवलं की जायचं नाही. ठरवून आंघोळ केली, ठरवून कपडे घातले. बाबांनी विचारलं, "आज परीक्षा ना?" मी हो म्हणालो आणि घराबाहेर पडलो, कारण घरात थांबायचं तर त्यांना कारण सांगावं लागलं असतं.

मानपाड्याला पोचलो तेव्हा वीज आलेली होती. पाटील आणि त्यांचा पुतण्या दारापाशी उभे होते. मी कुलूप काढलं. कडीला हात लावला आणि तो तिथेच राहिला. भांडं थंड झालेलं आहे हे मला रसायनशास्त्रानं कळत होतं. पाटलांनी खिडकीतून काटा बघून सांगितलंही. पण त्या दारामागे काल मी उभा होतो, अजूनही उभा आहे आणि आत गेलो की त्याच्याच जागी जाऊन थिजणार आहे, असं मला वाटत होतं. पाटील माझ्याकडे बघत होते. पुतण्याही बघत होता. 'आज सुट्टी' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. फक्त ओठ उघडायचे होते.

"उघड," मागून आवाज आला.

सर रस्त्यावर उभे होते. पायात बाजारातून आणलेल्या नव्या, न बसणाऱ्या रबरी चपला. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते.

"सर, मला नाही जमत," मी म्हणालो. "तुम्ही चला ना बरोबर. एकदाच. मी तुमच्या मागून येतो."

त्यांनी मान हलवली. "आता तू जा," ते म्हणाले. "मी काल जाऊन आलो."

आणि हे बोलून ते स्वतःच दचकले. इतकी वर्षं ज्या दाराशी ते थांबले होते त्यातून आपण काल आत गेलो होतो, हे त्यांना त्या क्षणी, बोलताना कळलं असावं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

मी कडी काढली आणि आत गेलो.